अंगठा, चोखणी आणि लिंबाएवढे बल

पावसाळा ओसरू लागला की रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. कणसे भाजणाऱ्यांचा धूर, कांदाभज्यांचा वास आणि पुण्याहून आलेली कुटुंबेच्या कुटुंबे. मी इथलाच रहिवासी असल्याने कधीमधी कणीस घेऊन भिंतीपाशी उभा राहतो. मात्र मी ते कणीस तोंडाला लावत नाही, दाणे हाताने सोलून खातो. त्याचे कारण पुढे येईलच.

गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी माझ्या शेजारी एक कुटुंब उभे होते. वडिलांच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा, तोंडात अंगठा. आईने तो खसकन बाहेर ओढला. "दात पुढे येतील म्हणून किती वेळा सांगायचे!" मुलाने भोकाड पसरले. तेव्हा त्याच्या अंगरख्याला फितीने बांधलेली रबरी चोखणी त्याच्या तोंडात कोंबण्यात आली. त्याने ती थुंकून टाकली. मग आजींनी पिशवीतून साखर घातलेल्या दुधाची बाटली काढून दिली आणि सगळीकडे शांतता पसरली. बाटली चोखत चोखत मूल बापाच्या खांद्यावर झोपी गेले.

विद्यार्थी मित्रांनो, पाच मिनिटांत तीन पात्रे रंगमंचावर येऊन गेली: अंगठा, चोखणी आणि बाटली. घरच्यांनी यांपैकी ज्याला सर्वांत मोठा शत्रू मानले, तो त्या वयाला जवळजवळ निरुपद्रवी होता. आणि ज्याला निरुपद्रवी मानून शेवटी हाती दिले, तेच त्या तिघांत दातांना सर्वांत घातक होते. माझे हे मत तुम्हांला धाडसाचे वाटेल. मी दंतवैद्य नाही, महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. पण हा मामला बराचसा बलाचा आणि काळाचा आहे, आणि त्यात मी स्वतः अडकलेला आहे. म्हणून लिहितो.

दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा जबड्यात घट्ट बसवलेला असतो, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर रुंदीची फट असते. तिच्यात असंख्य बारीक तंतू असतात आणि तंतूंच्या मधल्या जागेत द्रव असतो. दात या तंतूंनी हाडात जणू टांगलेला असतो. आतून जीभ त्याला बाहेर ढकलते, बाहेरून ओठ आणि गाल त्याला आत ढकलतात. या सर्वांच्या ओढाताणीतून दाताची जागा ठरते. आमच्या धरणावर 1903 साली विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले होते. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. एका बाजूला पाण्याचा रेटा, दुसऱ्या बाजूला वजनांचा भार. दातांची व्यवस्था याच जातीची आहे, फक्त तिचे मोजमाप तासांत आणि महिन्यांत करावे लागते.

आता एक साधा प्रयोग करा. सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरा. दट्ट्या हळू दाबा; पाणी निमूटपणे बाहेर येते, जोर जवळजवळ लागतच नाही. मग पुन्हा भरून दट्ट्यावर एकदम टिचकी मारा. आता तो दगडासारखा अडून बसतो, कारण पाणी दाबले जात नाही आणि त्या क्षणात त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. दाताभोवतीच्या द्रवाचेही असेच आहे. तुम्ही शेंगदाणा किंवा सुपारीचे खांड चावता तेव्हा दाढेवर कित्येक किलोग्रॅम वजनाइतके बल पडते, पण ते सेकंदभरही टिकत नाही. दात जागचा हलत नाही. उलट, 50 ग्रॅम वजनाइतके, म्हणजे साधारण अर्धा न्यूटन बल रोज कित्येक तास मिळत राहिले, तर तोच दात सरकू लागतो. 50 ग्रॅम म्हणजे एक मध्यम आकाराचे लिंबू! द्रव हळूहळू बाजूला होतो, तंतू दबतात, तिथला रक्तपुरवठा बदलतो, आणि काही तासांनी पेशींना संदेश जातो. मग दाबाच्या बाजूचे हाड विरघळवले जाते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार केले जाते. दात सरळ करणारे दंतवैद्य तारा लावून हेच करतात. अंगठा हा असाच एक दंतवैद्य आहे. फुकट काम करणारा, पण अडाणी.

म्हणजे प्रश्न "किती जोरात?" हा नसून "किती वेळ?" हा आहे. दात हलण्यासाठी बल दिवसाकाठी सुमारे सहा तास तरी मिळावे लागते, असे या विषयातील जाणकार मानतात. ही रेषा खडूने आखलेली नव्हे. कोणाचा दात लवकर दाद देतो, कोणाचा उशिरा. पण एक हिशेब करून पाहा. माणूस दिवसभरात हजाराच्या आसपास वेळा गिळतो. दर वेळी जीभ दातांवर सेकंदभर दाब देते असे धरले, तर दिवसाचे हजार सेकंद होतात, म्हणजे सतरा मिनिटेसुद्धा पुरी नाहीत. आता जे मूल रात्रभर आठ तास अंगठा तोंडात ठेवून झोपते, त्याचे सेकंद 28,800. शाळेतून आल्यावर पंधरा मिनिटे अंगठा चोखणारे मूल आणि हे मूल, दोघांनाही आपण "अंगठा चोखतो" असे एकाच वाक्यात म्हणतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही दोन अगदी निराळी मुले आहेत.

अंगठा नेमके काय करतो तेही पाहू. तो खालच्या पटाशीच्या दातांवर टेकतो आणि वरच्या दातांना आतून उचलतो. ही सरळ सरळ तरफ झाली. वरचे दात पुढे जातात, खालचे आत कलतात. अंगठ्यामुळे जीभ खाली दबून राहते, त्यामुळे वरच्या दाढांना आतून मिळणारा तिचा आधार जातो. त्यातच चोखताना तोंडातला हवेचा दाब कमी होतो, गाल आत ओढले जातात आणि बाहेरून दाढांवर रेलतात. वरच्या दातांची कमान हळूहळू अरुंद होते. जिथे गोलाई असायला हवी तिथे टोक येते. हे अरुंद होणे बल किती वेळ आणि किती नेटाने चोखले जाते यावर अवलंबून असते. नुसता अंगठा तोंडात ठेवून पडणाऱ्या मुलाचे नुकसान त्यामानाने कमी होते.

आणखी एक गोष्ट गमतीची आहे. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक घ्या आणि बांधणीच्या जवळ, पानांमध्ये एक पातळ खोडरबर ठेवा. पुस्तकाच्या उघड्या कडेला केवढी फट पडते ती मोजा. जबडाही कानाजवळच्या बिजागरीवर फिरतो. अंगठ्यामुळे तोंड तासन् तास थोडे उघडे राहिले की मागच्या दाढांना वाढायला जास्त जागा मिळते. मागे एक मिलिमीटर वाढले की पुढे सुमारे दोन मिलिमीटरची फट पडते. पुढचे दात तर अंगठ्याने अडवलेलेच असतात. मग तोंड मिटले तरी वरचे आणि खालचे पटाशीचे दात एकमेकांना टेकत नाहीत. अशा माणसाला पोळीचा तुकडा तोडता येतो, पण काकडीचा काप पुढच्या दातांनी तोडता येत नाही. आणि कणीस तर नाहीच नाही.

तो माणूस मी. "सहासष्ट" म्हणताना माझी जीभ त्या फटीत शिरते. मराठीत चमच्यातला "च" आणि चंद्रातला "च" निराळा; पहिल्यासाठी जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे नीट लागावे लागते. मला तो साधत नाही. माझे विद्यार्थी मधल्या सुट्टीत माझी नक्कल फार सुरेख करतात, हे मला ठाऊक आहे.

मी नऊ वर्षांचा होईपर्यंत अंगठा चोखत होतो. घरी कडुलिंबाचा रस, कोरफडीचा गर, एकदा तर मिरची लावून झाली. मिरचीचा हात डोळ्याला लागला तेव्हा तो प्रयोग बंद पडला. तिसरीत असताना एका गुरुजींनी मला वर्गापुढे उभे करून अंगठ्याला फडके बांधले आणि "कुक्कुल्या बाळाला बघा" असे सर्वांना सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परिणाम एवढाच झाला की दिवसा अंगठा सुटला आणि रात्री गोधडीच्या आत तो दुप्पट वेळ तोंडात राहू लागला. वर दिलेला हिशेब पाहिला म्हणजे कळेल की गुरुजींनी माझी मिनिटे वाचवली आणि तास वाढवले. ही भीती घालण्याची पद्धत आपल्याकडचीच आहे असे नाही. हाइनरिश होफमान या जर्मन डॉक्टरने 1845 साली मुलांसाठी काढलेल्या प्रसिद्ध चित्रपुस्तकात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने कापून टाकतो! ते पुस्तक लहान मुलांना हौसेने वाचून दाखवले जाई.

खरे तर चोखणे ही माणसाची पहिल्या काही कौशल्यांपैकी एक आहे. आईच्या पोटात असतानाच गर्भ अंगठा तोंडात घालतो, हे ध्वनिलहरींनी घेतलेल्या चित्रांत दिसते. जन्मल्यावर दूध ओढता यावे म्हणून ही तयारी असते. पुराणातला मांधाता इंद्राचे बोट चोखून वाढला, आणि वडाच्या पानावरचा बाळमुकुंद पायाचा अंगठा चोखत पहुडला आहे. त्याचे चित्र घराघरांत आपण हौसेने लावतो, आणि त्याच चित्राखाली आपल्या बाळाच्या हातावर चापट मारतो. बहुतेक मुले ही सवय दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपली आपण सोडतात. कायमचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येऊ लागतात. त्याआधी सवय सुटली तर दुधाच्या दातांत पडलेली पुढची फट बहुधा आपोआप भरून येते. अरुंद झालेली कमान मात्र तितक्या सहज रुंदावत नाही. म्हणून तीन वर्षांपर्यंत घरच्यांनी निवांत राहावे, चारनंतर लक्ष घालावे, आणि पहिलीत गेलेले मूल अजून रात्रभर अंगठा चोखत असेल तर दंतवैद्याला दाखवावे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. दीड वर्षाच्या मुलावर घरदार तुटून पडते आणि सात वर्षांच्या मुलापर्यंत सगळे थकून गेलेले असतात.

रबरी चोखणीबद्दल माझे मत फारसे टोकाचे नाही. तिचा एक फायदा उघड आहे: ती काढून घेता येते, अंगठा काढून घेता येत नाही. शिवाय झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका चोखणीमुळे कमी होतो असे अभ्यासांत दिसल्याने अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2005 साली झोपताना ती देण्याची शिफारस केली. पण बाळ अंगावर नीट पिऊ लागेपर्यंत ती देऊ नये, असेही त्यांचेच सांगणे आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तिच्या धोक्यांविषयी मातांना समजावून सांगा असे म्हणते. तीन वर्षांच्या पुढे ती राहिली तर वरची कमान अरुंद करण्यात ती अंगठ्याला हार जात नाही. मात्र तिला मध किंवा साखर लावून देणे हा शुद्ध अविचार आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला तर मध मुळीच द्यायचा नसतो. त्यात क्वचित असणारे जिवाणूंचे बीजाणू त्या वयात आतड्यात रुजून विष तयार करू शकतात.

अंगठ्याच्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे हजारभर मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. 2016 साली त्यातून असे दिसले की लहानपणी अंगठा चोखणाऱ्या किंवा नखे खाणाऱ्या मुलांत पुढे त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी दिसण्याचे प्रमाण कमी होते. दमा किंवा नाक वाहणे यांत मात्र फरक नव्हता. तेव्हा यावरून कोणी अंगठा चोखायला लागू नये.

आता माझ्या घरची गोष्ट. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना अंगठा चोखत असे. स्वतःच्या दातांचा अनुभव असल्याने मी तिच्या मागे लागलो. शिकवलेले सगळे विसरून मीही कडू औषध आणून तिच्या अंगठ्याला लावले. ती रडून रडून झोपे. शेवटी एका रात्री लाज वाटून मी वही घेतली आणि तीन दिवस वेळ मोजला. दिवसा सरासरी पंचवीस मिनिटे, रात्री झोप लागेपर्यंत चाळीस; मग अंगठा आपोआप गळून पडे. एकूण तास-सव्वातास. मी ज्याच्याशी लढत होतो तो शत्रू सैन्यच नव्हता. कडू औषध फेकून दिले. चौथा वाढदिवस होऊन थोडे दिवस गेल्यावर अंगठा कधी सुटला ते आम्हां कोणाच्या लक्षातही आले नाही.

पण त्याच सुमारास दंतवैद्यांनी तिचे तोंड उघडून पाहिले आणि विचारले, "रात्री बाटली देता का?" आम्ही देत होतो. झोपताना साखरेचे दूध, माझ्या आईच्या हातचे. नातीच्या पोटात दूध जाते यात आईचा जीव सुखावे, आणि मला त्यात काही वावगे दिसत नव्हते. वरच्या पुढच्या दातांवर हिरड्यांलगत खडूसारखे पांढरे पट्टे पूर्वीच आले असणार. तेव्हाच पाहिले असते तर ते भरून आले असते. आता तिथे तपकिरी खड्डे होते. दोन दात भरावे लागले, एक काढावा लागला. अंगठ्यावर डोळे लावून बसलेल्या घरात चोर दुसऱ्या दाराने आला होता.

यातले शास्त्र असे. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. आम्लता मोजण्याच्या मापावर आकडा साडेपाचच्या खाली उतरला की दातावरचे एनॅमल विरघळू लागते. दिवसा लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि अर्ध्या-एक तासात परिस्थिती पूर्ववत होते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. बाटली चोखताना खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात, वरचे पुढचे दात मात्र गोड दुधात रात्रभर बुडून राहतात. म्हणून कीड तिथे आधी लागते. अंगठा दात सरकवतो, विरघळवत नाही. सरकलेला दात परत आणता येतो.

"दुधाचेच तर दात, पडणारच आहेत" हे वाक्य मी शिकल्यासवरल्या घरांतही ऐकतो आणि मला राग येतो. दुधाचे वीस दात आहेत. त्यांतल्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत काम करतात आणि खालून येणाऱ्या दाताची जागा राखून ठेवतात. दाढ लवकर गेली की शेजारची कलते आणि नवा दात वाट चुकतो. पहिला दात दिसला की तो घासायला लागावे, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, रात्री बाटली द्यायचीच झाली तर तिच्यात नुसते पाणी असावे. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याला दाखवावे.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात एखादा अंगठा तोंडात दिसला तर त्या मुलाचे नाव घेऊ नका. त्याच्या दोन्ही हातांना काम द्या: माती, मणी, कागदाच्या घड्या. घरी नवे भावंड आले आहे का, घर बदलले आहे का, हे पालकांना एकट्याने विचारा. सवय मुलालाच सोडावीशी वाटली पाहिजे. मग त्याच्याच संमतीने अंगठ्याला पट्टी, रात्री हातमोजा, कोरड्या रात्रींची कॅलेंडरवर खूण, हे उपाय चालतात. टाळूला बसवायची तारेची जाळी हा दंतवैद्याचा शेवटचा उपाय. आणि विद्यार्थी मित्रांनो, हे वाचणाऱ्यांतही एखादा रात्री पांघरुणात अंगठा चोखत असेल. त्याने घरी सांगावे आणि दंतवैद्याकडे जावे. ज्यांना धाकटी भावंडे आहेत त्यांनी चिडवण्याऐवजी वही घेऊन तीन दिवस वेळ मोजावा आणि तो आकडा घरच्यांसमोर ठेवावा.

माझी मुलगी आता आठ वर्षांची आहे. काढलेल्या दाताच्या जागी चार वर्षे खिंडार होते. गेल्या वर्षी तिथे कायमचा दात आला. आरशात पाहून ती म्हणाली, "बाबा, ह्याची कड करवतीसारखी का आहे?" मी सांगितले, नवा पटाशीचा दात तीन उंचवट्यांचा असतो, वरखालचे दात एकमेकांवर घासून काही वर्षांत ती करवत झिजते. तिने मला तोंड उघडायला लावले आणि बॅटरीच्या उजेडात पाहिले. माझ्या दातांवर ती करवत अजून तशीच आहे.